बटण दाबण्याआधीचं अर्धं मिनिट

"ताई, पाच वाजता साहेब माझ्या निलंबनावर सही करणार," असं म्हणत चिमणी खुर्चीत बसली. पोलीस शिपाई, पण उंची अशी की पाय जमिनीला टेकेनात. नाव तिला उगाच पडलं नव्हतं.

"आत्ता तीन वाजलेत. रडू नका, बोला," टेपताई म्हणाली. पूर्वी ती कपडे शिवायची, आता गुन्हे उसवते. गळ्यातली टेप तेवढी तशीच राहिली. शेजारी तिचे भावोजी चहात बुडालेल्या बिस्किटाचा शोध घेत होते.

पोलिसांना छातीवरचे कॅमेरे मिळून जेमतेम आठवडा झाला होता. काल एका घड्याळजीच्या दुकानाचं कुलूप फुटलं. पंचनाम्याला तिघं गेले: मागच्या दाराला चिमणी, पुढच्या दाराला 'खांब' हवालदार, आणि फोटो काढायला कॅमेऱ्यांचा कारकून. ते परतल्यावर सोन्याचं एक घड्याळ गायब! सात नंबरच्या, म्हणजे रजिस्टरप्रमाणे चिमणीच्या कॅमेऱ्यात हातमोजा घातलेला हात ते उचलताना चक्क दिसत होता.

"मी मागचं दार सोडलंच नाही. वीस मिनिटं चित्रण केलं. पण साताच्या नावावर एकच मिनिट निघालं!"

"म्हणजे ही खोटं बोलतेय," भावोजी कुजबुजले.

"भावोजी, तुम्ही बिस्किटच शोधा."

आधी दुकान. कुणी हात घालू नये म्हणून काउंटर मुद्दाम उंच केलेला. चिमणीच्या तो खांद्याला लागला. टेपताईने टेप लावली आणि नुसती "हं" म्हणाली.

मग पोलीस ठाणं. कारकून यायच्या आधी त्याचं पोट आलं. त्यावर त्याचा कॅमेरा आकाशदर्शन करत होता.

"स्टँडवरच्या साताच्या खाचेत चार्जिंग होत नाही हो. मग चार नंबरचा भरला की तो काढतो आणि तिथे सात लावतो."

"आणि चार कुठे ठेवता?"

"साताच्या खाचेत. रिकामीच असते ना!"

टेपताईने डोळे मिटून दहा आकडे मोजले. "दाखवा ते चित्रण."

पडद्यावर घड्याळांचा ट्रे वरून दिसला, अगदी ताटात वाढल्यासारखा. हाताने घड्याळ उचललं. मग काउंटरची कड जवळ आली, टिक वाजली, भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज सुरू झाला आणि चित्रण बंद.

"आधी आवाज का नाही?"

"बटण दाबण्याआधीचं अर्धं मिनिट कॅमेरा आपणहून ठेवतो, पण मुकं. प्रशिक्षणात सांगितलं होतं. जेवणानंतरचा तास होता, निम्मे घोरत होते."

खांब दारातून वाकून आत आला. "मी दुकानात पाऊलही टाकलं नाही. बटणही दाबलं नाही. दाराचं कसलं चित्रण?"

"तुमचा नंबर?"

"चार."

पावणेपाचला सगळे साहेबांच्या खोलीत जमले. साहेब चिमणीवर ओरडत होते, "खात्याला बट्टा लावलास! कॅमेरा खोटं बोलतो का?"

"कॅमेरा नाही, रजिस्टर खोटं बोलतं," टेपताई वैतागून म्हणाली. "सात नंबरने ट्रे वरून पाहिला. काउंटर अठ्ठेचाळीस इंच, चिमणीचा कॅमेरा पंचेचाळिसावर. तिला फक्त लाकूड दिसलं असतं! कारकुनाला छत दिसलं असतं. राहिलं कोण?"

"ती स्टुलावर चढली असेल," भावोजी उत्साहाने म्हणाले.

"भावोजी! साहेब, चार नंबरचं चित्रण पाहिलंत?"

"चोर सापडल्यावर ते कशाला पाहायचं?"

"लावा."

खांबाने बटण दाबलंच नव्हतं, तरी चारमध्ये वीस मिनिटं निघाली. पूर्ण वेळ मागचं अंगण आणि गळका नळ!

"कॅमेऱ्यांची अदलाबदल झाली होती. दोघांनी आपापल्या नंबरच्या खाचेतून उचलले, कॅमेऱ्याच्या पाठीवरचा नंबर पाहिला नाही. या हवालदारांनी बटण न दाबता घड्याळ ढापलं. ट्रे परत ठेवायला वाकले आणि काउंटरच्या कडेने बटण दाबलं गेलं. कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसताच बंद केलं. फार तर भिंत आली असेल, असं यांना वाटलं. हवालदार, घोरणाऱ्यांत तुम्हीही होतात ना?"

खांबाने मान खाली घातली आणि आपल्या कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. घड्याळ त्याच हातमोज्यात गुंडाळलेलं सापडलं.

साहेबांनी निलंबनाचा कागद हळूच खणात सरकवला. "बरं, झालं गेलं विसरा."

टिक! चिमणीच्या छातीवर लाल दिवा लागला.

"हं साहेब, आता माफी मागा," ती म्हणाली. "आणि कागद लपवतानाचं अर्धं मिनिटही आलंय. मुकं आहे, पण चेहरा छान दिसतो!"