तिसरी फरशी

आमची ओळख लाथेने झाली. लाथ माझी.

झालं असं, की अपंगांच्या व्यायामकेंद्राची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबताना नेहमी एक गचका देते. मला ते पाठ आहे. माझ्या पायांना मात्र दर वेळी नव्यानं कळतं. त्या दिवशी लिफ्टमध्ये आणखी एक जण होता. हातात बुटांच्या खोक्यांची चळत, सगळ्यात वरचं खोकं हनुवटीखाली दाबलेलं. गचका बसला, माझा डावा पाय व्हीलचेअरच्या पायपट्टीवरून उसळला आणि नेमका त्याच्या नडगीवर जाऊन बसला. खोकी खाली. झाकणं एकीकडे, बूट भलतीकडे.

"माफ करा," मी म्हटलं. "मी नाही मारली. पायानं मारली."

तो नडगी चोळत खाली बसला. "पाय कुणाचा आहे?"

"नावावर माझाच आहे. पण ऐकत नाही."

बूट गोळा करायचे सोडून तो माझ्या पायाकडेच बघत राहिला. "बुटाची टाच सैल आहे. आत धरून ठेवायला काही नाही, म्हणून पळतो."

"पळाला असता तर मी टाळ्या वाजवत मागे गेले असते हो."

बोलून गेले आणि वाटलं — झालं. आता हा चेहरा पाडणार, 'अरेरे' म्हणणार आणि दार उघडलं की काढता पाय घेणार. लोक तेच करतात. तो कानापर्यंत लाल झाला, पण हलला नाही. म्हणाला, "मागच्या गल्लीत माझं बुटांचं दुकान आहे. इथल्या मुलांचे बूट मीच करतो. या एकदा… भरपाई म्हणून तरी या."

"भरपाई मी द्यायची, की तुम्ही?"

"नडगी माझी सुजणार आहे. तुम्हीच ठरवा."

*

तीन वर्षांपूर्वी ओल्या जिन्यावरून मी घसरले, तेव्हा ठमी एक वर्षाची होती. पाठीचा कणा दुखावला आणि छातीखालचं सगळं मुकं झालं. आठ महिन्यांनी नवराही गेला. वाईट माणूस नव्हता. पुरला नाही, इतकंच. पाय न सांगता गेले, तो सांगून गेला.

लोकांना वाटतं, पाय गेले म्हणजे गप्प पडले. तसं नसतं. चादरीची घडी, गार हवा, दार आपटलं, मी शिंकले — काहीही पुरतं. मांडी लाकडासारखी ताठ होते, गुडघा थरथरतो, टाच पायपट्टीवर टकटक वाजत राहते. डॉक्टर त्याला स्पॅझम म्हणतात. आमच्या थेरपिस्ट बाई वेगळं सांगतात. "पाय जास्त उसळायला लागले तर रागावू नका. काय खुपतंय ते शोधा. खुपलेलं तुम्हाला कळत नाही, त्यांना कळतं."

पण मी रागावले होते. अकरा महिन्यांपूर्वी ठमी माझ्या मांडीवर बसून मोजे चढवत होती. एकच उसळी आली आणि ती तोंडावर फरशीवर आपटली. हनुवटीला तीन टाके. माझ्याच पायानं.

त्या दिवसापासून मी नियम केला. माझ्या खुर्चीपासून तिसऱ्या फरशीच्या अलीकडे यायचं नाही. ठमी शहाणी आहे. वयाच्या मानानं फारच शहाणी. धावत येते आणि त्या रेषेवर अंगठे टेकवून थबकते. चित्र दाखवायचं असेल तर हात लांब करून दाखवते. झोपायच्या आधी मुका हवेत देते. पोरीनं एकदाही हट्ट केला नाही, याचंच मला जास्त रडू यायचं.

*

दुकानात पहिल्यांदा गेले ती ठमीला आणि आईला बरोबर घेऊन. बाहेर झड लागलेली, आत चामड्याचा आणि डिंकाचा उग्र वास. दाराशी एक पायरी होती. त्यानं आणि आईनं मिळून खुर्ची वर चढवली. पुढच्या वेळी गेले तर पायरीवर फळी टाकलेली होती. 

ठमीनं त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मामा, तुमच्याकडे माझे बूट आहेत?"

"मामा नको!" तो इतक्या घाईनं म्हणाला की हातातली आरी खाली पडली. "म्हणजे… काका म्हण."

"काका का?"

"काका… तेही नको खरं तर. तू मला बूटवाला म्हण."

आई खोकली. आईला खोकला अजिबात नव्हता.

त्याची एक सवय होती. कुठलाही बूट हातात घेतला की आधी आत हात घालायचा, डोळे मिटून. "खिळ्याचं टोक, खडा, शिवणीची गाठ," तो म्हणाला. "डोळ्यांना फसवतात. बोटांना नाही फसवता येत."

तेवढ्यात माझा पाय उसळला. त्यानं घाबरून दोन्ही हातांनी तो खाली दाबला.

"दाबू नका हो, जास्त चिडतो. गुडघ्यावर नुसते हात ठेवा. वजन द्या आणि थांबा."

"किती वेळ?"

"तो दमेपर्यंत."

तो थांबला. ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होता. चौदाला थरथर विझली.

"आता हात काढलात तरी चालेल," मी म्हटलं.

"पुन्हा आला तर?"

"अहो, तुमचे हात तिथं आहेत हे मला कळतही नाहीये."

"मला कळतंय ना…"

मी खिडकीकडे बघितलं. काचेवर पाणी ओघळत होतं. तीन वर्षांत मला 'पेशंट' सोडून कुणी काही समजलं नव्हतं, आणि मला ते विसरायची भीती वाटत होती. ज्याला पुरायचं नसतं तो माणूसही सुरुवातीला गोडच बोलतो.

बूट तयार झाले. मऊ, टाचेशी घट्ट, आत जाड तळवा घातलेला. तरी त्यानंतर कारणं निघत राहिली — पट्टा आवळायचा, ठमीच्या चपलेचा अंगठा. एकदा तर आईची चांगली धडधाकट छत्री घेऊन गेले. "छत्री मी नाही दुरुस्त करत," तो म्हणाला, आणि तासभर उघडून बघत बसला.

*

मग ते दिवस आले.

पाय अचानक वेड्यासारखे उसळायला लागले, डावा तर थांबेचना. खुर्चीवरून पलंगावर जाताना ताठ व्हायचा आणि मला फेकून द्यायचा. आईच्या कमरेत चमक भरली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तर माझी मान गळायला लागली. मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. निसटलेला काना मला दुरून दिसतो. त्या आठवड्यात एक अख्खी ओळ गायब होती, ती मला दिसली नाही.

मी सगळं शोधलं. ताप, लघवी, नखं, कपड्यांच्या शिवणी. बुटात हात घालून पाहिला, रिकामा होता. ठमीला मी चौथ्या फरशीवर ढकललं.  ती नुसती माझ्या पायाकडे टक लावून बघत राहिली, जणू त्यानं शब्द देऊन फिरवला होता.

नवव्या दिवशी रोजच्यासारखा तळव्याखाली आरसा धरला. अंगठ्याच्या खाली करंगळीच्या नखाएवढा गडद लाल डाग. अशा डागाचं काय होतं ते मला माहीत होतं. जखम होते, आणि ती भरायला महिनोन् महिने अंथरुणात पडून राहावं लागतं. केंद्रातली एक बाई पाच महिने पडून होती. पाच महिने ठमीला कोण बघणार… आई? त्या कमरेनं?

"बूट चावत असेल. ढिला करून आण," मी आईला म्हटलं. आई बूट घेऊन गेली. तासाभरानं परत आली ती बूटवाल्याला घेऊनच.

तो अंगावरचं पाणीही न पुसता बसला. बूट मांडीवर घेतला, डोळे मिटले, आत हात घातला. बोटं पुढं गेली, मागं आली, थांबली. त्यानं आतला तळवा एका बाजूनं उचलला. तो अलगद वर आला. खाली एक बटण होतं. लाल, फुलाच्या आकाराचं.

"ते पायाचं आहे!" चौथ्या फरशीवरून ठमी ओरडली. "काढू नका!"

"पायाचं म्हणजे?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"मी पायाला दिलंय." तिचा ओठ थरथरला. "माझ्या फ्रॉकचं आहे. सगळ्यात छान. म्हणजे तो खूश होईल… आणि मला बसू देईल."

 आई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नऊ दिवस माझा पाय बोंबलून सांगत होता, आणि मी त्याला गप्प बसायच्या गोळ्या देत होते.

मग माझं मुद्रितं तपासणारं डोकं जागं झालं. "पण तळवा वर कसा आला? एवढीशी पोर उचलू शकते?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. डिंक सुटला म्हणाला असता, मी विश्वास ठेवला असता.

"चिकटवला नव्हता," तो म्हणाला.

"विसरलात?"

"नाही." तो बुटाकडेच बघत होता. "सरकला की तुम्हाला परत यावं लागेल… म्हणून ठेवला तसाच."

मला तेव्हा त्यात प्रेमबिम काही दिसलं नाही. मला तो लाल डाग दिसत होता. "तुम्हाला यायला लावायचं होतं म्हणून? मला कळत नाही हो खाली! तुमच्या या खेळापायी मी पाच महिने पडून राहिले असते. हिला कुणी वाढवलं असतं? जा तुम्ही."

तो गेला. जाताना दोन्ही बूट घेऊन गेला. ठमी मात्र दारापर्यंत त्याच्या मागे गेली आणि बटण मागून घेऊन आली.

*

तीन आठवडे तो पाय उशांवर उघडा ठेवून मी पलंगावर काढले. बाहेर राखाडी उजेड, आत मलमाचा वास. डाग आधी काळवंडला, मग हळूहळू फिकटला. बटण निघाल्यावर उसळ्या कमी झाल्या, पुन्हा पूर्वीइतक्याच. त्याहून कमी होणार नव्हत्या. हे ठमीला सांगणं मला सगळ्यात जड गेलं.

"पायाला राग नाही गं आलेला," मी म्हटलं. "त्याला बटण नको, काही नको. तो तसाच आहे."

"मग मी कधी बसणार?"

पहिल्यांदाच विचारलं तिनं. 

एकविसाव्या दिवशी मी पुन्हा खुर्चीत बसले, आणि दुपारी तो आला. बूट कागदात गुंडाळलेले. आईनं त्याला आत घेतलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवत बसली.

"तळवा चिकटवलाय. वरून शिवलाय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "आता दुरुस्तीला यावं लागणार नाही तुम्हाला."

मी बुटात हात घातला, डोळे मिटून. त्याच्यासारखा. खडा नाही, गाठ नाही. आतून सगळीकडे बारीक, एकसारखी शिवण. असं शिवायला किती दुपारी गेल्या असतील… हा माणूस चुकला होता. पण चूक त्यानं झाकली नव्हती.

"बसा," मी म्हटलं. "तिथं नाही. इथं, समोर. जमिनीवर."

तो बसला.

"हात ठेवा. दोन्ही गुडघ्यांवर. वजन द्या… आठवतंय ना?"

"आठवतंय."

"ठमे, इकडे ये."

ती धावली आणि तिसऱ्या फरशीच्या रेषेवर अंगठे टेकवून थबकली. सवयीनं. माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पायाकडे.

"ये," मी म्हटलं. 

तिनं रेष ओलांडली. त्याच्या खांद्यावर पाय देऊन ती माझ्या मांडीवर चढली. मी दोन्ही हातांनी तिला आवळलं. केसांना साबणाचा वास होता. अकरा महिन्यांत किती जड झाली होती… आणि तेवढ्यात झटका आलाच. मांडी ताठ झाली, ठमी माझ्या गळ्याला चिकटली, मी डोळे घट्ट मिटले. बूटवाला दाबत नव्हता. नुसता थांबला होता. "सहा… सात… आठ…" ठमीही मोजायला लागली, मध्येच बारा गाळून. सोळाला पाय विझला.

ती माझ्या मांडीवरच होती.

मी रडले. त्यात काही गोड नव्हतं. पुढच्या वेळी हात नसतील तर काय, हे रडतानाही डोक्यात होतंच. ते जाणार नाही. पाय आहे तसाच राहणार, मीही.

"हात काढू?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"पुन्हा आला तर?"

तो हसला नाही. मान खाली घालून म्हणाला, "एक विचारू? बूट तर आता पक्के झाले. मग मी… यायचं कशाला?"

ठमी माझ्या मांडीवर पेंगायला लागली होती. तिच्या मुठीतलं लाल बटण माझ्या तळहाताला टोचत होतं. ते मला कळत होतं.

"कारण नसताना या," मी म्हटलं.