ओइवाच्या झाडाखालचे पिवळे दाणे

काइनूच्या रानातलं बर्फ वितळलं तशी हिल्का खराटा घेऊन म्हाताऱ्या अ‍ॅस्पेनच्या झाडाखाली गेली. बुंध्याशी पिवळ्या लेंड्या पडल्या होत्या, तांदळाच्या दाण्यांएवढ्या. वर ढोलीत उडत्या खारी राहायच्या. त्यांच्या लेंड्या दिसल्या की त्या झाडाला हात लावायचा नाही, असा कायदा. उद्या वनखात्याचा माणूस पाहायला येणार होता. आणि रान विकल्याशिवाय हिल्काची ह्या घरातून सुटका नव्हती.

तिनं लेंड्या भरल्या, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत जाळल्या.

त्याच बुंध्यावर तिच्या मेलेल्या नवऱ्याचं, ओइवाचं, नाव कोरलेलं होतं. मयत चर्चकडे नेताना वाटेत झाडावर नाव कोरायचं, अशी तिथली रीत. मेलेला घराकडे निघाला तर आपलं नाव वाचतो आणि तिथूनच मागं फिरतो. ओइवा बायकोला मारायचा तो चुलीशेजारच्या सरपणानं. हिल्कानं नाव चांगलं खोल कोरून घेतलं होतं.

व्यवहार दीर बघत होता, तौनो.

"भावजी, तेवढं नावाचं झाड ठेवायला सांगा."

"मेलेल्याला घाबरता होय वहिनी? जिवंत होता तेव्हा तर तोंड चालायचं तुमचं."

"दात पाडले त्यानं माझे. तुम्ही तिथंच बसून कॉफी पीत होतात."

"नवरा-बायकोच्या मधे आम्ही कशाला पडू?"

वनखात्याचा माणूस आला, वाकला, "इथं काही नाही" म्हणाला, गेला. मग झाडं तोडायचं यंत्र आलं. हिल्का बाजारातून परतली तेव्हा रान सपाट झालं होतं. अ‍ॅस्पेनचा नुसता बुडखा उरलेला.

"एवढं जाड लाकूड कोण सोडतं?" तौनो म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला.

त्या झाडाला एकच राखण होती. ती हिल्कानं आपल्या हातानं चुलीत घातली होती.

संध्याकाळचा उजेड रेंगाळला होता. छपरावर काहीतरी येऊन टेकलं... अगदी हलकं. उडती खार झाडावरून झाडावर तरंगत येते. इथं तर चर्चपर्यंत झाड उरलं नव्हतं. मग पायरी करकरली. थांबून पुन्हा एकदा.

"कोण?... भावजी?"

तिनं दार उघडलं. बाहेर ओल्या भुशाचा वास, बाकी कुणी नाही. ती मागं वळली. पलंगावर ओइवाच्या बाजूची उशी दबली होती. खळग्यात पिवळे दाणे. तिनं बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. आत्ताच चुलीतून काढल्यासारखे चटका देत होते...

तिचा हात चुलीशेजारच्या सरपणाकडे गेला. ढिगावरचं जाड लाकूड जागेवर नव्हतं.