राखाडी दाताचे चार गुरुवार

"अवं, हे तं आपल्या खाप्याची अस्मिता!"

मनीषनगरच्या दातांच्या दवाखान्यात तुळसाबाईंनी बोळक्या तोंडाने अख्ख्या बाकाला ऐकू जाईल असं जाहीर केलं. अस्मिता हसली, नेहमीसारखा तोंडावर हात धरून. मग तिचं लक्ष त्यांच्या शेजारी गेलं. आईच्या कवळीची फाईल मांडीवर घेऊन बसला होता... प्रशिक. बारा वर्षांनी!

कन्हानच्या काठची ती उतरण तिला जशीच्या तशी आठवली. नववीतली ती, बाबांची मोठी सायकल, आणि मागे सीट धरून पळणारा हा. "सोडशील नाही नं गा?" "नाही सोडत वं!"

आणि सोडली होती. ती तोंडावर आपटली. समोरचा दात रूट कॅनलने वाचला खरा, पण वर्षागणिक राखाडी होत गेला. त्याच उन्हाळ्यात प्रशिकच्या घरच्यांनी गाव सोडलं.

"तोंडावर हात काहून?" त्याने हळूच विचारलं.

"तुझीच निशाणी आहे ना तिथं. पांढरी करायले आली."

त्याचे कान लाल झाले. अगदी तेव्हासारखे.

डॉक्टर नंदिनींनी दात मागच्या बाजूने उघडला, पांढरं करणारं औषध आत भरलं आणि वरून सिमेंट लावून बंद केला. "आठवडाभर ते आतल्या आत काम करेल. दर गुरुवारी यायचं, बदलायचं. आणि या दाताने पेरू फोडायचा नाही हं!"

आतल्या आत काम करत राहणाऱ्या गोष्टी अस्मिताला काय नव्या होत्या!

मग मिहानमधल्या कंपनीतली शिफ्ट सुटली की ती गुरुवारी धावत यायची. तुळसाबाईंच्या हिरड्यांचं माप निघेपर्यंत बाकावर खापा गाव भरायचं... शाळेची घंटा, नदीच्या वाळूतली चोरून खाल्लेली डांगरं-खरबुजं, गुरुजींची छत्री. नंदिनी रंगांची पट्टी दाताशी धरून बघायच्या. राखाडी ओसरला, पिवळसर उरला. तिसऱ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "आता एकदाच."

एकदाच. पुढे भेटायला निमित्तच उरणार नव्हतं, आणि हा शहाणा अजून गुरुजींच्या छत्रीवरच अडकलेला!

चौथ्या गुरुवारी प्रशिक एकटाच बसला होता.

"मावशी कुठं आहेत?"

"घरी. भुट्टा खाऊन राहिली. कवळी तं मागच्याच गुरुवारी भेटली तिले."

"मग तू काहून आला?"

तेवढ्यात आतून तिला हाक आली.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली आणि खिडकीच्या उजेडात त्याच्यासमोर उभी राहिली. "सांग, कोणता होता?"

त्याने खूप वेळ पाहिलं. "नाही वं ओळखू येत..." त्याचा आवाज उतरला.

"मग तोंड काहून पाडलं?"

"वाटे, माझी काहीतरी आठवण आहे तुझ्यापाशी. बेकार आहे, पण आहे. आता तं तेही..."

अस्मिताला हसू फुटलं, आणि सवयीने हात तोंडाकडे निघाला. तो त्याने वाटेतच धरला.

बाकावरचे सगळे बघत होते. तिने हात सोडवून घेतला नाही.

"सोडशील नाही नं गा?"

"एकदा सोडून पाहिलं नं," तो म्हणाला. "पडली तू... पण तेव्हापासून उठलो नाही मी."