सात नंबरच्या खुर्चीतला थरकाप

"ज्या सिस्टरने माझ्या सासूबाईंना वाचवलं तिलाच घरी बसवलंय. आणि ज्या औषधावर त्या जगतायत तेच बंद केलंय. दोन्ही हुकूम एकाच माणसाचे, एकाच दिवशीचे. मला हे काही पटत नाही."

ती हे दारात उभ्यानेच बोलली. वहिनींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"आता हेच पुन्हा सांग. पण राग बाजूला ठेवून. रागात माणूस तारखा विसरतं."

वहिनी म्हणजे निवृत्त औषध-निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी कारखान्यांतल्या साहेबांना घाम फोडला. निवृत्त झाल्यावर लोक आपली गाऱ्हाणी घेऊन घरी यायला लागले आणि नकळत तोच त्यांचा धंदा झाला. भावोजी त्यांचे धाकटे दीर. आयुष्यभर टाइपरायटर दुरुस्त केले, आता वही घेऊन वहिनींच्या मागे हिंडत. मोठ्या माणसांवर भावोजींचा गाढ विश्वास, वहिनींचा कुणावरच नाही. त्यामुळे दोघांचं बरं जमे.

सुनेने सगळं नीट सांगितलं. सासूबाईंना लसिकाग्रंथींचा कॅन्सर, तोही बराच पसरलेला. आधीच्या उपचारांनी फारसं काही हाती लागलं नाही. मग अँटिबॉडीचं औषध ठरलं. कॅन्सरच्या पेशीवरची एक ठरावीक खूण ओळखायची आणि नेमकं तिथेच जाऊन चिकटायचं, असं हे औषध. शिरेतून थेंब थेंब देतात. पहिला डोस सुरळीत गेला. मानेवरच्या गाठी बोटाला लहान लागायला लागल्या. गेल्या सोमवारी दुसरा डोस होता. औषध सुरू होऊन पाऊण तास झाला नाही तोच अंगात हुडहुडी भरली, श्वास अडकला, रक्तदाब कोसळला. सिस्टरने तत्काळ ड्रिप थांबवली, ऑक्सिजन लावला, म्हणून जीव वाचला.

"आणि हा मोठ्या डॉक्टरांचा अहवाल." तिने कागद पुढे केला.

वहिनींनी मोठ्याने वाचलं. "'परिचारिकेने ड्रिपचा वेग परस्पर वाढवला. प्रतिबंधक इंजेक्शनच्या गुंगीमुळे रुग्णास वेळेत तक्रार करता आली नाही. सदर औषध या रुग्णास यापुढे कधीही देऊ नये.' वा! तीन वाक्यांत तीन माणसांचा निकाल."

"तीन कुठे? दोनच," भावोजी म्हणाले.

"सिस्टर, सासूबाई आणि लिहिणारा. चला."

सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. आयुष्यभर त्यांनी नकाशे काढले. अजूनही बोलताना बोट चादरीवर रेघा ओढत होतं.

"त्या दिवशी काय काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"सात नंबरच्या खुर्चीवर बसवलं. सिस्टरने दोन गोळ्या दिल्या. मग कॅमेरावाले आले. हॉस्पिटलची फिल्म काढत होते म्हणे. मोठे डॉक्टर माझ्या हाताला सुई टोचताना, मी त्यांच्याकडे कृतज्ञतेने बघताना." त्यांनी नाक मुरडलं. "कृतज्ञता दोनदा करावी लागली. पहिल्यांदा उजेड बरोबर नव्हता."

"मग?"

"मग औषध सुरू झालं. मी अर्ध्या तासात अख्खं शब्दकोडं सोडवलं. तेवढ्यात पुन्हा कॅमेरा आला, म्हणून त्यांच्यासमोर बडबडले. बोलता बोलताच दात वाजायला लागले."

"पहिल्या डोसला काय केलं होतंत?"

"काय करणार? सुई टोचल्यावर पाच मिनिटांत मान कलंडली. जागी झाले तेव्हा बाटली संपलेली आणि तोंड कोरडं ठाक."

वहिनींनी विचारलं, "औषध बंद केलं तेव्हा काय वाटलं?"

"अर्धा नकाशा काढून झाल्यावर हातातून पेन काढून घेतल्यासारखं," म्हातारी म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली.

हॉस्पिटलच्या तळघरात औषध मिसळणारा माणूस काचेच्या कपाटापुढे हातमोजे घालून बसला होता. त्याला कुणीतरी येईल याची खात्रीच असावी.

"माझ्यावर आळ घ्यायचाय? खुशाल घ्या," तो म्हणाला. "औषध इथे आलं तेव्हा थंड होतं, गोठलेलं नव्हतं. मी ते खळखळ हलवलं नाही, मिठाच्या पाण्यात मिसळलं, दुसऱ्या कशात नाही. त्याच खोक्यातलं औषध त्या दिवशी आणखी तिघांना गेलं. तिघंही ठणठणीत आहेत."

"आणि वेग?"

"पंपाला माणसापेक्षा चांगलं आठवतं. मी त्याची नोंद काढून ठेवलीय." त्याने कागद दाखवला. वेग ठरल्यापेक्षा एका थेंबानेही वाढलेला नव्हता.

"हा कागद मोठ्या डॉक्टरांनी पाहिला?"

"दोनदा नेऊन दिला. दोनदा म्हणाले, टेबलावर ठेव."

सिस्टर तिच्या घरी भेटली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"डोसच्या अर्धा तास आधी गोळ्या आणि एक इंजेक्शन द्यायचं असतं. अंगाने औषधावर उसळू नये म्हणून. मी ट्रेमध्ये सिरिंजच्या दोन भरलेल्या नळ्या तयार ठेवल्या. एक त्या इंजेक्शनची, दुसरी नुसत्या मिठाच्या पाण्याची, नंतर शीर धुवायला. प्रत्येक नळीवर मी नाव आणि वेळ चिकटवते. सवयच आहे."

"आणि दिलं कुणी?"

"मोठे डॉक्टर म्हणाले, आज मी स्वतः देतो. मला पडद्यामागे उभं केलं. माझा गणवेश चुरगळलेला दिसतोय म्हणाले. परत आले तेव्हा ट्रे रिकामा होता. मी कागदावर खूण केली."

"म्हणजे न पाहिलेल्या गोष्टीवर सही केलीस."

सिस्टरने मान खाली घातली. वहिनींनी तिला धीर वगैरे दिला नाही. "ती चूक तुझी. बाकीचं बघू," एवढंच म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांना हॉस्पिटलात पाठीमागे सगळे 'छबीदार' म्हणत. त्यांच्या खोलीबाहेर पाऊण तास ताटकळावं लागलं. भिंतीवर त्यांचेच फोटो. ते आणि यंत्र. ते आणि पदक. ते आणि कुणीतरी कापलं गेलेलं, ज्याचा फक्त खांदा उरला होता.

भावोजी भारावून बघत होते. तेवढ्यात कपडे धुणारा माणूस गाठोडं घेऊन तणतणत आला आणि काउंटरवरच्या बाईवर बरसला.

"खिसे रिकामे करून द्या म्हणून कितीदा सांगायचं? आज पेन फुटलं. परवा कंगवा. गेल्या मंगळवारी तर टोपण घातलेली भरलेली सुई! हातात घुसली असती तर? तुमच्याच सुयांच्या डब्यात टाकलीय ती."

"कुणाचा कोट?" बाईने जांभई देत विचारलं.

"खिशावर रेशमाने नाव भरलेला. असा हौशी दुसरा कोण आहे इथे?"

भावोजी हसले. "मोठी माणसं विसराळूच असतात, नाही वहिनी?"

"फार," वहिनी म्हणाल्या आणि काउंटरवरच्या बाईला त्यांनी सुयांचा डबा कधी उचलतात ते विचारलं. शनिवारी, असं कळलं. आज शुक्रवार होता.

छबीदारांनी बसायला सांगितलं नाही. त्यांचा कोट इतका कडक होता की माणूस आत नसला तरी तो उभा राहिला असता.

"हे बघा ताई, या नर्सेसना दोन आकडे वाचता येत नाहीत. मी किती ठिकाणी पुरा पडणार?"

"पेशंट गुंगीत होती असं तुम्ही लिहिलंय."

"अर्थात. इंजेक्शन मी स्वतः दिलं होतं. त्याने गुंगी येतेच."

"प्रत्येकाला?"

"या पेशंटला तर फारच. पहिल्या वेळी घोरत होती. त्या फिल्मवाल्यांचा अख्खा दिवस वाया गेला होता." आपण जास्त बोललो हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. भिंतीवरच्या काचेत बघून त्यांनी कॉलर सारखी केली.

बाहेर आल्यावर भावोजी म्हणाले, "काही म्हणा, माणूस रुबाबदार आहे."

"दुकानातला पुतळाही असतो. आता विभागप्रमुख बाईंकडे."

तासाभराने विभागप्रमुखांच्या खोलीत सगळे जमले. सून, औषध मिसळणारा, बोलावून आणलेली सिस्टर आणि वारंवार घड्याळ बघणारे छबीदार. विभागप्रमुख कमी बोलणाऱ्या, पिकल्या केसांच्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर सुयांचा सीलबंद डबा होता.

"थोडक्यात सांगते," वहिनी म्हणाल्या. "औषधाची बाधा तीन कारणांनी होऊ शकत होती. औषध बिघडलेलं असणं हे एक. पण तेच औषध घेऊन तिघं धडधाकट आहेत. वेग हे दुसरं. पंपाची नोंद सिस्टरला निर्दोष ठरवते. राहिलं तिसरं, औषधाआधीचं संरक्षण."

"ते मी दिलं," छबीदार म्हणाले. "कॅमेऱ्यात आहे."

"तुम्ही काहीतरी दिलंत. पण ज्या इंजेक्शनने ही बाई पाच मिनिटांत आडवी होते, ते घेऊन तिने शब्दकोडं सोडवलं, मुलाखत दिली. तुम्ही मात्र अहवालात लिहिलंत की ती गुंगीत होती. ती तशी असायला हवी होती हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून लिहिलंत. नसताना लिहिलंत, म्हणून सापडलात."

छबीदार हसले. "एका पेशंटच्या झोपेवरून खटला?"

"नाही. ट्रेमध्ये दोन नळ्या होत्या. सिस्टरला पडद्यामागे घालवून तुम्ही मिठाच्या पाण्याची नळी टोचलीत आणि औषधाची खिशात टाकलीत. मागच्या खेपेला म्हातारी घोरली आणि तुमची फिल्म बुडाली. या खेपेला हसरी, बोलकी पेशंट हवी होती. मंगळवारी तुमच्या रेशमी खिशातून भरलेली नळी निघाली. बाई, डबा उघडता का?"

विभागप्रमुखांनी चिमट्याने एकेक नळी बाजूला केली. टोपण असलेली एकच निघाली, काठोकाठ भरलेली. तिच्यावर चिकटवलेला कागद त्यांनी वाचला आणि सिस्टरकडे वळवला. सासूबाईंचं नाव, सोमवारची वेळ, सिस्टरचं अक्षर.

छबीदारांचा रुबाब पाण्यात पडलेल्या पुठ्ठ्यासारखा खाली बसला.

"पहिल्या डोसला काही झालं नव्हतं," ते पुटपुटले. "मला वाटलं, एवढं आवश्यक नसेल."

"काही झालं नव्हतं ते इंजेक्शन होतं म्हणून. भिजलो नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. आणि तोही दुसऱ्याची छत्री."

"अनवधानाने झालं..."

"इथवर मूर्खपणा होता," वहिनींचा आवाज चढला नाही, फक्त थंड झाला. "मूर्खपणाला निदान औषध असतं. पण नंतर तुम्ही लिहिलंत की हे औषध या बाईला कधीच देऊ नये. का? कारण पुढच्या वेळी इंजेक्शन नीट देऊन डोस सुरळीत गेला असता, तर कुणीतरी विचारलं असतं की मागच्या सोमवारी काय वेगळं होतं? तो प्रश्न येऊ नये म्हणून तुम्ही तिचं औषध तोडलंत. म्हातारी मेली तरी चालेल, पण छबीला डाग नको."

सुनेच्या तोंडून हुंदका फुटला. भावोजींनी वही मिटली. तासाभरापूर्वी आपण या माणसाला रुबाबदार म्हणालो, या आठवणीने त्यांना स्वतःचीच किळस आली.

विभागप्रमुख उठल्या. "कोट काढून ठेवा आणि घरी जा. चौकशी समितीपुढे बोलावू तेव्हा या." मग सुनेला म्हणाल्या, "अशी बाधा होऊन गेली की आम्ही घाई करत नाही. पण संरक्षण न मिळाल्याने हे झालं असेल, तर सगळं तपासून, निम्म्या वेगाने पुन्हा सुरू करता येईल. पहिले दोन तास मी स्वतः खुर्चीशेजारी बसेन."

पुढच्या डोसला तशा त्या बसल्याही. सिस्टरने इंजेक्शन दिलं, नळी रिकामी होताना विभागप्रमुखांनी पाहिली आणि मगच कागदावर दोघींच्या सह्या झाल्या. दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब, ताप, श्वास तपासला. संध्याकाळी चार वाजता बाटली संपली. काहीही झालं नाही. भावोजींनी आयुष्यात इतकं सुंदर काहीच-न-होणं पाहिलं नव्हतं.

सासूबाई जाग्या झाल्या तेव्हा सून त्यांच्या कानाशी वाकली. "आई, ते डॉक्टर खाली येऊन बसलेत. तुमची समक्ष माफी मागायचीय म्हणतात. समितीत उपयोग होईल त्यांना. काय सांगू?"

म्हातारीने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"सांग त्याला, मला वेळ नाही. आहे तेवढा माणसांना पुरवायचाय."