नाही म्हटल्यावर

हेमांगी धुळ्याच्या कोर्टात एका मुलीला सोबत म्हणून आली होती. व्हरांड्यात शेजारी बसलेला तरुण पाण्याच्या बाटलीचं झाकण सारखं उघडत-लावत होता. समोरच्याच बाकावरून चार-पाच आरोपी त्याच्याकडे डोळे वटारून बघत होते.

"साक्ष आहे?" तिनं हळूच विचारलं.

"हो… मला मुलं पळवणारा समजून मारलं यांनी. बठ्ठा, सगळा बाजार तुटून पडला होता."

"जज्जसाहेबांकडे बघून बोला. मी तसंच केलं होतं."

त्यानं मान वळवली. तिच्या गालावरून गळ्यापर्यंत उतरलेला वण त्यानं पाहिला. नजर चोरली नाही.

"तुमच्यावर कुणी…?"

"त्याचं प्रेम होतं म्हणे माझ्यावर. मी नाही म्हटलं."

तो सोनगीरचा समाधान. साक्ष देऊन घामाघूम होऊन बाहेर आला, तेव्हा म्हणाला, "बरं झालं तुम्ही आत नव्हता. तुमच्याकडेच बघत राहिलो असतो."

कित्येक महिन्यांनी हेमांगीला हसू आलं.

साक्षीदारांना आरोपींसमोर बसावं लागू नये, वेगळी खोली मिळावी, म्हणून दोघं झटू लागले. ती जळगावहून, पिंप्राळ्यातून यायची. गावोगावच्या सभांत तो अफवांवर बोलायचा, ती मुलींच्या नकारावर. एस.टी.त मात्र भांडण वांग्याच्या भरताचं!

"धुळेकरांना नाही जमायचं आमच्यासारखं."

"मग शिकवायला कुणीतरी यावं लागेल कायमचं…"

भडगावच्या सभेनंतर, गिरणेच्या काठी, तो थांबला. "हेमांगी, मला तू आवडतेस."

ती दोन पावलं मागे सरली. हेच शब्द… आणि मागून चाकू.

"नाही," ती कशीबशी म्हणाली.

"बरं." त्यानं पिशवी खांद्याला लावली. "गाडीची वेळ झाली, चल. पुढच्या सभेला माझ्यासोबत यायचं नसेल, तर दुसऱ्या कुणाला पाठवतो."

पुढच्या सभेला ती त्याच्यासोबतच गेली. तो रुसला नव्हता. पुन्हा विचारलंही नाही त्यानं. सहा महिने ती त्याला निरखत राहिली, आणि भीती कधी ओसरली ते तिलाच कळलं नाही.

अखेर कोर्टात साक्षीदारांना खोली मिळाली. पहिल्या दिवशी साक्षीला आलेल्या पुष्पाबाई तिथल्या बाकावर निवांत टेकल्या होत्या.

"समाधान," दाराशी उभ्या हेमांगीनं म्हटलं, "तेव्हाचं ते 'नाही' खरंच होतं."

"माहीत आहे."

"आज मी विचारते… लग्न करशील माझ्याशी?"

भरसभेत न अडखळणाऱ्या समाधानचे डोळे भरून आले. त्यानं नुसतीच मान डोलावली.

"पोरी," पुष्पाबाई बाकावरून त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, "हाऊ हो म्हनी राह्यना!"