जरा श्वास धर

दुपारचं जेवण झालं की तुळजापूरच्या जैनोद्दीनला टेबल गाठायची घाई. हात धुतले न धुतले, लगेच पेटीपुढं. निजामाच्या फौजेत वायरलेसवर होता. फौज गेली, कान तेवढे राहिले. आता तो रेडिओ दुरुस्त करायचा. बायको मैमुना म्हणायची, "अजी, त्या पेटीचं इतकं ऐकता, माझं कधी ऐकणार?"

सत्तावन्न साली हैदराबादच्या एका कारखान्यानं त्याला काम दिलं. त्यांनी दिलेल्या पेटीत दोन स्फटिक, प्रत्येकाचा एक सूर. एक पक्का, दुसरा चळणारा. चळणारा पक्क्याशी जुळवणारा स्क्रू बनवायचा, आणि तोही बिनखरखरीचा. नुसता वेग जुळून भागत नव्हतं, पाऊलही बरोबर पडायला पाहिजे. लेझमीत एकानं उशिरा पाय टाकला की कसं दिसतं? सूर जवळ आले की आवाज हेलकावे खायचा... ऊंऽऽ... ऊंऽऽ... जुळले की एकदम शांत. जमलं तर कायमची नोकरी होती.

पण त्या शांततेत बारीक खरखर उरायची. मैमुनाला दमा. ती मागं उंबऱ्यावर धोतऱ्याच्या पानांचा धूर घेत बसायची. छातीत शीळ वाजायची.

"मैमुना, तुझी छाती वाजती ह्यात. जरा श्वास धर."

"धरते की. पण सोड म्हणून कोण सांगणार? तुम्ही तर विसरणार."

तो हसला. स्क्रू फिरवला. खरखर गेली, सूर जुळला. शांततेला कान लावून तो बसला, खुशीत, चांगला वेळ. वळला तेव्हा ती चौकटीला टेकलेली. खोकला येऊ नये म्हणून तोंडात पदराचा बोळा. ओठ निळे.

बोळा त्यानं आधी काढला, मग शेजाऱ्यांना हाका मारल्या. बोळ्याचं कुणालाच सांगितलं नाही.

मैमुना गेल्याचा चाळिसावा दिवस झाल्यावर पेटी उघडली, तर आत एक सांधा कच्चा निघाला. खरखर त्याची होती. त्या दिवशी तो सांधा योगानं नीट बसला होता, एवढंच.

सांधा त्यानं पक्का केला. आज कारखान्याचा माणूस पेटी न्यायला येणार होता. भर दुपार, गल्ली सामसूम. जैनोद्दीननं स्क्रूला बोट लावलं. ऊंऽऽ... ऊंऽऽ... हेलकावे लांबत गेले. आणि प्रत्येकाच्या शेवटी बारीक शीळ...

धोतऱ्याच्या धुराचा वास आला.

मागं बघायची हिंमत होईना. अजून पाव फेरा, की सूर जुळणार. आणि जुळला की शांत.

"न्हाय," तो पुटपुटला. नोकरी गेली चुलीत. त्यानं स्क्रू उलटा फिरवला, चांगले चार फेरे. आता पेटीनं कर्कश ओरडायला हवं होतं.

आतले काचेचे दिवे लागलेले, तारा जागच्या जागी. आवाज मात्र नाही. कुणीतरी शहाण्यासारखं त्याचं ऐकलं होतं.

"सोड, मैमुना... सोड ना आता..."

दारात चपला वाजल्या. कारखान्याचा विरुपाक्ष, या घरी पहिल्यांदाच येणारा, अंग चोरून उंबऱ्याच्या कडेकडेनं आत आला.

"जैनोद्दीनमियाँ, पेटी ऱ्हाऊ द्या. आधी बाईंना बघा," तो हळूच म्हणाला. "तोंडातला पदर काढनात त्या... आन् मलाच खुणावतात, बोलू नका म्हणून."