आवाज कमी, चाल तीच

"शेतकरी बंधूंनो, बोंडअळीले आता विसरा ऽऽ!"

उंद्रीच्या समाजमंदिरात प्रतीक्षाचा गायनवर्ग ऐन रंगात आलेला, आणि खिडकीखाली कपाशीच्या बियाण्याच्या जीपवरचा हा भोंगा! ती तणतणतच बाहेर आली.

"आवाज कमी करा हो!"

"कमी केला तं बियाणं कोन घेईन, मॅडम?" माइक धरलेला तरुण हसला... आणि त्या हसण्याने तिचा निम्मा राग तिथेच उतरला.

हा जीवन. मागच्या साली बोंडअळीनं त्याचीच कपाशी फस्त केली होती, म्हणून तर हंगामापुरती ही नोकरी. पण भजनात ढोलकी झकास वाजवतो म्हणे! प्रतीक्षाला तेच हवं होतं. तिचा ढोलकीवाला आजारी पडला होता आणि खामगावची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली होती.

"गाण्याच्या शेवटी डिमिन्युएंडो आहे," पहिल्याच तालमीत तिने सांगितलं.

"हे कोनतं फवारणीचं औषध?"

"अहो, आवाज हळूहळू उतरवत न्यायचा... पार ऐकू येईनासा होईपर्यंत!"

पण आवाज उतरला की जीवनचे हातही रेंगाळायचे. "आवाज कमी, चाल तीच!" ती रोज बजावायची. शेवटी एकदा तिने त्याच्या मनगटावर दोन बोटांनी ठेका धरला. बोटांखाली त्याची नाडी नुसती धावत होती.

"हिची चाल का वाढली?"

"तिले कुठं शिकवलं तुम्ही!"

त्या दिवशी घरी जाताना प्रतीक्षाचे पाय जमिनीवर ठरेनात.

स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी जीप वाशीमला निघणार होती. म्हणून स्पर्धेच्या दिवशी तरी त्याने काहीतरी बोलावं, यासाठी ती सकाळपासून त्याच्या आसपास घोटाळली. गडी आपला ढोलकी आवळण्यातच गुंग!

रंगमंचावर गाणं शेवटाला आलं. वर्गातल्या मुलींचे आवाज विरत गेले, ढोलकी विरत गेली... आणि चाल जराही ढळली नाही! सभागृहात फक्त पंख्यांची घरघर. प्रतीक्षाला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने वळून पाहिलं, तर जीवन तिच्याकडेच बघत होता.

"मॅडम... तुम्ही मले लय आवडता," तो पुटपुटला.

ढोलकीसमोरचा माइक चालूच होता! शब्द थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचले. हशा पिकला, शिट्ट्या वाजल्या. तिचे वडील हिंमतराव खुर्चीतून अर्धे उठले. लाजेनं लाल झालेला जीवन ढोलकी उचलून निघालाच.

प्रतीक्षाने माइक ओढला आणि भर सभागृहात, पहिल्यांदाच त्याच्याच बोलीत त्याला अरेतुरे करत, खणखणीत आवाजात विचारलं —

"मंग जाऊन काऊन राह्यला? थांब नं इथंच!"